मोटारीचा फोन

येडगावला आमच्या विहिरीवरची मोटार मोबाइलवर चालते. फोन लावला की रेकॉर्ड केलेली बाई सांगते, "मोटार चालू आहे" किंवा "मोटार बंद आहे". एवढंच तिला येतं.

कुणी हॅक करू नये म्हणून मी मोटारीला पासवर्ड टाकला. तो इतका सुरक्षित निघाला की मलाही आठवेना. शेवटी स्टार्टरची पेटी खोलून सिमच काढलं.

वडील मोटारीच्या पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल्व साफ करायला विहिरीत उतरू लागले. "मधीच चालू न्हाई ना व्हणार, संघर्ष हॅकर?"

"तुमी उतरा बिनघोर, आप्पा. सिम माझ्या मुठीत हाय."

मी काठावर बसलो. फोन वाजला. मोटारीचा नंबर.

"मोटार बंद आहे," बाई म्हणाली. "विहिरीत दोघं आहेत."

खालून आप्पा ओरडले, "संघर्ष, तू कशाला उतरलास रं?"