हिरवी ओळ

आमची लिफ्टदुरुस्तीची कामं, अगदी चहासुद्धा, धाकटा भाऊ अ‍ॅपमध्ये वेळेसकट लिहितो. काम टिक केलं की ओळ हिरवी होते; वेळ टळली की लाल होते आणि ते त्याच्या डोळ्यांत खुपतं. आज तो लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरला होता, मी फ्यूज काढून गच्चीवरच्या खोलीत बसलो होतो. फ्यूज बसला की लिफ्ट तळाला येते. अकराला मोबाइलवर ओळ हिरवी झाली: ‘खड्ड्यातून बाहेर’. फ्यूज बसवायला हात पुढे केला आणि आठवलं, सकाळी चहा गॅसवर असतानाच त्याने ‘चहा झाला’ हिरवं केलं होतं. हात मागे घेतला. फोन लावला, उचलेना. सात मजले धावत उतरलो. स्वारी खड्ड्यातच नट आवळत होती. “दादा, दोनच मिनिटं! उशीर दिसू नये म्हणून आधीच टिक केलं.” मुठीत घामाने भिजलेला फ्यूज मी वाकून त्याच्या खिशात कोंबला. “मग हा वर बसवणार कोण?” त्याने विचारलं. “तूच. बाहेर आल्यावर.”