वर चढू देऊ नका

"हे अक्षर पाह्य जरा! डाव्या हातानं लिहिलं त्यानं, ओळखू येऊ नये म्हणून." लहानूनं मोबाइल श्यामरावांच्या अगदी नाकासमोर धरला.

साहेबांच्या टेबलावर आलेल्या निनावी चिठ्ठीचा तो फोटो होता. महिन्याभरातली ही दुसरी. वेडीवाकडी, एकमेकांच्या अंगावर चढलेली हिंदी अक्षरं. "श्यामराव के हाथ में जान नहीं रही. उसको क्रेन पर मत चढ़ने दो. कोई मरेगा."

श्यामरावांनी एकदा वाचलं आणि नजर वळवली. उरला औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्याच्या दवाखान्याबाहेर दोघं बाकावर बसले होते. आत डॉक्टर त्यांची फाइल चाळत होते. एका शब्दाचा प्रश्न होता, फिट की अनफिट. त्या शब्दाच्या धाकानं श्यामरावांनी सकाळपासून अन्नाला हात लावला नव्हता.

"हिरालालच आहे तो," लहानू पेटला होता. "अकरा महिने तुह्या जागेवर क्रेन चालवली, आता सोडवत नाही त्याले. दाखवतोच मी."

"जाऊ दे ना, लहानू."

"काहून जाऊ दे? अनफिट लिहिलं त डॉक्टर तुले गेटवर बसवन, रजिस्टर घेऊन. वीस वर्षं क्रेन चालवणारा माणूस!"

गेटवर तरी बसवत होते, एवढं बरं. स्वतःहून "जमत नाही" म्हणणाऱ्याला कंपनी सरळ नारळ द्यायची.

आतड्याच्या कॅन्सरनं श्यामरावांना आडवं केलं होतं. ऑपरेशन झालं, आठ किमो झाल्या. आता शरीरात काही उरलेलं नाही, असं मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं. पण किमोनं जाता जाता बोटं नेली होती. बोटं होती जागेवरच, पण धरलेली वस्तू गरम की गार, घट्ट की सैल, त्यांना कळत नसे. श्यामराव बटणं लावलेलाच शर्ट डोक्यातून घालायचे. हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. "हाताले मुंग्या येतात," असं एकदा ते बायकोला बोलून गेले होते. कांताबाईच्या हातातलं ताट खाली पडलं. "परत आलं काय जी?" म्हणत ती दाराला टेकून अशी रडली, की श्यामरावांनी तो विषय पुन्हा तोंडातून काढला नाही.

भीती मात्र तोंड दाबून राहत नाही. क्रेनचा लिव्हर बोटभर हलवायचा असतो. बोटभर जास्त हलला, की तापून लाल झालेलं लोखंड खालच्या माणसावर. आणि खाली साखळी अडकवायला लहानूच उभा असे. रोज पहाटे श्यामरावांना हूक सुटल्याचं स्वप्न पडे आणि ते घामानं भिजून उठत.

"श्यामराव, आइए."

लहानूही मागोमाग आत घुसला. कांताबाई कधी आली कुणास ठाऊक, डबा घेऊन दाराशी उभी होती. तिचे ओठ हलत होते. विहारात म्हणायची ती वंदना ती इथंही म्हणत असावी.

डॉक्टरांनी टेबलावर रुपयाचं नाणं ठेवलं. "उठाइए."

नाणं निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. तिसऱ्यांदा ते घरंगळत कपाटाखाली गेलं. श्यामरावांच्या कपाळावर घाम फुटला.

"घबराहट है," डॉक्टर हसले.

"हव साहेब, सकाळपासून उपाशी आहे तो," लहानूनं तत्परतेनं ठोकून दिलं.

"मेरा हाथ दबाइए."

श्यामरावांनी दाबला. जोर किती लागतोय ते त्यांना समजेना. डॉक्टर "अरे बाप रे, अभी भी लोहा है!" म्हणून हात झटकू लागले. मग गंभीर झाले. "सच बताइए, हाथ में कोई तकलीफ?"

श्यामरावांनी दाराकडे पाहिलं. कांताबाईचे ओठ थांबले होते. तिनं डबा छातीशी धरला होता आणि तिच्या डोळ्यांत सगळं वर्ष उभं होतं.

"नाही साहेब," श्यामराव म्हणाले. "काही नाही."

डॉक्टरांनी 'फिट' लिहिलं, शिक्का मारला. फाइलीतली चिठ्ठी फाडून टोपलीत टाकली. "जलने वालों की कमी नहीं. कल सुबह से चढ़ जाइए."

बाहेर कांताबाई हमसून हमसून रडली, मग हसली, मग येईल जाईल त्याला डब्यातला पेढा देऊ लागली. हिरालाल आला तेव्हा लहानू त्याच्या अंगावरच धावून गेला.

"बच्चों की कसम, भैया, मैंने नहीं लिखा," हिरालाल हात जोडून म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

"सोड त्याले, लहानू," श्यामराव खाली मान घालून म्हणाले.

"बरं, सोडला. तू उद्या बिनधास्त चढ. खाली मीच आहो ना!" लहानूनं त्यांच्या पाठीवर थाप मारली.

"हात धुऊन येतो," म्हणत श्यामराव दवाखान्याच्या मागच्या नळावर आले. आजूबाजूला कुणी नव्हतं. त्यांनी खिशातून कागद काढून भिंतीला लावला, बोटांत टिकेना म्हणून पेन मुठीत धरलं, आणि याही वेळी खाली नाव न घालता तिसरी चिठ्ठी लिहायला घेतली.