छातीत उतरलेली सर्दी

पोरीने रडायचं थांबवलं, तेव्हा आई खरी घाबरली.

एरवी नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब टाकायचे म्हटलं की ही अडीच वर्षांची पोर घर डोक्यावर घ्यायची. आज ती नुसती पडून राहिली. थेंब गालावरून ओघळून उशीत गेला, तरी तिने मान फिरवली नाही. आईने झगा वर करून पाहिलं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता. पोर अंथरुणातून उठलीही नव्हती, पण श्वास असा की लांबून धावत आली असावी.

पुढच्या खोलीतून सासऱ्यांचा आवाज येत होता. तिथे त्यांचं औषधी मुळ्या-पाल्याचं दुकान होतं. सगळा भाग त्यांना काढेकाका म्हणायचा. लोक खोकत यायचे, आणि बरे झाले की शेजाऱ्याला घेऊन यायचे.

"औषध कसलं डोंबलाचं," ते कुणाला तरी सांगत होते. "कोमट पाणी पीत राहा. गुळण्या करा. झोपताना चमचाभर मध चाटा आणि गुमान पडून राहा. घरात आल्याआल्या हात धुवा, म्हणजे बायकोला प्रसाद मिळणार नाही. बाकी अंग बघून घेतं."

गिऱ्हाईक हसलं.

हे सगळं तिला पाठ होतं, आणि पटतही होतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिच्या कितीतरी सर्द्या अशाच गेल्या होत्या. पोरीच्याही. म्हणून याही वेळी तिने काही कमी केलं नव्हतं. घोट घोट पाणी पाजलं, डोकं उंच ठेवलं, पातळ पेज भरवली, रात्ररात्र मांडीवर घेऊन बसली. पण या खेपेला सर्दी नाकातून गेली ती छातीत जाऊन बसली.

नवरा ट्रक घेऊन लांबच्या फेरीवर होता. फोन लागला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "बाबांना विचार." मग रेंज गेली.

बाबांना काय विचारायचं? मागे एकदा तिने दवाखान्याचं नाव काढलं होतं. तेव्हा दुकानात माणसं बसली होती. "काढेकाकांची नात दवाखान्याच्या रांगेत?" ते म्हणाले होते. "मग मी हे दुकान कशाला उघडं ठेवू?" बोलले हसत हसत, पण पुढे दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. त्या वेळी पोर आपोआप बरी झाली आणि ती खोटी पडली.

तिने पोरीच्या ओठांकडे पाहिलं. त्यांचा रंग उतरला होता. निळसर वाटत होते की अंधारामुळे तसे दिसत होते, ते कळेना. तिने पोरीला उचलून खिडकीशी नेलं. अंधारामुळे नव्हतं.

मग तिने विचार केला नाही. पोरीला शालीत गुंडाळलं. घराला दार एकच, तेही दुकानातून. पडद्यामागे ती थबकली. मनात वाक्य जुळवत होती आणि प्रत्येक वाक्य अर्ध्यावर मोडत होतं. खांद्यावर पोर कण्हली. तिने पडदा सारला.

दुकानात तिघेचौघे होते. सासरे पुडी बांधत होते. त्यांनी मान वर केली.

"मी हिला दवाखान्यात नेतेय," ती म्हणाली. आवाज स्वतःचाच तिला ओळखू आला नाही. "तुम्ही नाही म्हणालात तरी नेणार."

सासरे उठले आणि फळीला वळसा घालून तिच्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांनी हात पुढे केले.

"दे इकडे."

तिने पोरीला घट्ट धरलं.

"अगं दे. तुझ्याने तिला घेऊन पळवणार नाही."

आणि ते पळाले. भर रस्त्यातून, अनवाणी, नातीला छातीशी धरून. मागे दुकान तसंच उघडं, फळीवर अर्धी बांधलेली पुडी. ती शाल सावरत त्यांच्यामागे धावत होती. ओळखीची माणसं दारादारात उभी राहून बघत होती.

दवाखान्यात नर्सने पोरीला आत घेतलं आणि तोंडाला ऑक्सिजन लावला. ओठांवर हळूहळू रंग परतला. मग पोर रडली, चांगली भोकाड पसरून.

डॉक्टर बाहेर आल्या. "न्यूमोनिया आहे. औषध सुरू केलंय, आता होईल बरी. श्वास असा कधीपासून चाललाय?"

"दुपारपासून," आई म्हणाली.

"सकाळपासून," सासरे म्हणाले.

तिने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते.

"घरी जे केलंत ते सर्दीला ठीकच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण छाती अशी ओढली जायला लागली, की घरी थांबायचं नसतं."

"माहीत आहे मला," सासरे म्हणाले.

डॉक्टर आत गेल्या. दोघं बाकावर बसले. तिची भीती ओसरली होती आणि आता तिला राग आला होता. या माणसाला आजच्या आधी ती कधी उलट शब्द बोलली नव्हती.

"माहीत होतं तर बोलला का नाहीत, बाबा?"

अनवाणी पाय त्यांनी बाकाखाली ओढून घेतले.

"सकाळी तू पाणी तापवत होतीस तेव्हा तिच्या छातीला कान लावला होता. तेव्हाच कळलं," ते म्हणाले. "इतकी वर्षं लोकांना सांगत आलो, अंग बघून घेतं म्हणून; आता दवाखाना म्हणायला तोंडातून शब्द निघेना. दिवसभर पडद्याकडे कान लावून बसलो होतो गं. म्हटलं, आता तरी तू बाहेर येशील आणि मला उठवशील."