देशाचा वाटा

आमची मोठी लेक लहानपणी आजारानेच गेली, पण नव्या औषधाची चाचणी तिच्यावर झाली होती. "त्या औषधाने दुसऱ्यांची लेकरं तरी वाचली," एवढ्यावर माझ्या बायकोने उरलेला जन्म काढला.

लहान मुलांच्या आजारांवरच्या संशोधनात कोणत्या देशाचा किती वाटा, हे मोजणाऱ्या कार्यालयात आता मुलगा आहे. काल जेवताना म्हणाला, "बाबा, ताईच्या त्या औषधात आपल्या देशाचा वाटा शून्य धरलाय."

"अरे, चाचणीतली पोरं तर सगळी इथलीच होती."

"शोधनिबंध लिहिणारे परदेशातले ना. लिहिणाऱ्यांचा देश धरतात."

"आणि तुझी ताई?"

त्याने पाण्याचा पेला उगाच सरकवला. "पोरं मोजत नाहीत, बाबा."



बायको जाऊन वर्ष झालं. ती हे ऐकायला नाही ते बरंच झालं, असं काल पहिल्यांदा वाटलं.