शेजार कुणाचा नको?

"मावशी, निगडीत तळमजल्याची खोली मिळालीय. दवाखाना समोरच. आणखी काय हवं?"

निरंजनने लॅपटॉप चतुराबाईंकडे फिरवला. डोंगर खचून घरं गेलेल्या कुटुंबांना शहरात कुठे वसवायचं, हे ठरवणारा प्रोग्राम त्यानेच लिहिला होता. हाताला काम, मुलांची शाळा, दुखणीखुपणी, सगळं जुळवून तो जागा सुचवायचा. संत तुकाराम नगरच्या त्याच्या मदतसंस्थेत त्याचं कौतुकही फार झालं होतं.

"फरीदा कुठं हाय?"

"फरीदाबींना चाकण आलंय. त्यांच्या मुलाला, शफीला तिथे गॅरेजमध्ये काम आहे."

"एवढ्या लांब?"

"तुम्हीच सांगितलंत ना, कुणाचा शेजार नको विचारलं तेव्हा?"

चतुराबाईंचा चेहरा उतरला. सांगितलं होतं खरं. त्या दिवशी छावणीत पाण्याच्या बादलीवरून गावाकडच्या या दोन शेजारणींची जुंपली होती. माहिती द्यायच्या रांगेत फरीदा नेमकी मागे उभी. तिला ऐकू जावं म्हणून बाई मुद्दाम खणखणीत आवाजात म्हणाल्या होत्या, "हिचा!" फरीदा हसली होती. कॉम्प्युटर काही हसला नाही.

"अरं बाबा, ते मी तिला म्हनले व्हते, तुज्या मशिनीला न्हाई! घरात मला दुसरं मानूस न्हाई. सकाळी तिच्यासंगं भांडल्याबिगर दिस उगवल्यागत वाटत न्हाई. मला चाकणला टाक. तिसरा मजला असला तरी चालंल."

दोन पायऱ्या चढताना भिंत धरणारी बाई तिसरा मजला मागत होती. निरंजनला हसू येणार होतं, पण तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं. बदल करायला त्याने फरीदाबींचं नाव उघडलं.

"त्यांचं मी सकाळीच बदललंय," शेजारच्या टेबलावरून स्वरूपा म्हणाली. "स्वतः आल्या होत्या. चतुराबाईंच्या लगतची खोली मागितली. शफी रोज बसने चाकणला जाईल म्हणाल्या."

 चतुराबाईंनी पदराने डोळे पुसले.

"बया! मला इचारायचं तरी. आता जलमभर ऐकवंल मला." म्हणताना त्यांचं तोंड मात्र हसून फुललं होतं.

"पण मावशी, एक आधीच सांगते," स्वरूपा म्हणाली. "त्या दोन खोल्यांमधली भिंत फार पातळ आहे. इकडे बोललेलं सगळं तिकडे ऐकू जातं. आधीची माणसं कंटाळून सोडून गेली."

"मग तीच द्या," चतुराबाई म्हणाल्या.