दाखवायचं बाळ

विठाबाईने दोन्ही पाय लांब सोडले आणि साडेतीन महिन्यांच्या नातवाला नडग्यांवर पालथं घेतलं. तळव्यावर कोमट खोबरेल ओतून पाठीवर हात फिरवला. लोणावळ्यातल्या त्या बंगल्याच्या हॉलमध्ये गालिच्यावर बसलेल्या आठ बायकांनी आपापले मोबाइल वर धरले. कोपऱ्यातल्या शेगडीत ओवा आणि वावडिंग जळत होतं.

"मावशी, ते तुमचं गाणं म्हणा ना," समीक्षा मॅडम म्हणाल्या. नैसर्गिक बालसंगोपनाचं दोन दिवसांचं शिबिर त्यांचंच होतं.

विठाबाईने खाकरून गळा मोकळा केला.

तेल चोळिते मांडीला, बळ येऊ दे पायाला
माजा समर्थ चालंल, इंदरायणीच्या शेताला

"किती गोड," कुणीतरी म्हणालं.

शहरातून आलेल्या या बायकांची बाळं वरच्या मजल्यावर सांभाळणाऱ्या बायांजवळ निजली होती. आधी दुसऱ्या बाळावर बघू, मग आपल्यावर, असं ठरलं होतं. म्हणून मॅडमनी विठाबाईला घरचं बाळ आणायला सांगितलं. "फक्त अंगावर पिणारं हवं. बाटलीचं नको हं, मावशी." विठाबाई व्हय म्हणून बसली होती. बाटली आता तिच्या पिशवीत होती, टॉवेलात गुंडाळून, पातळ पेज भरलेली.

समर्थने एक आळस दिला, मूठ तोंडात कोंबली आणि भोकाड पसरलं.

मॅडमचा चेहरा उजळला. "ही भुकेची खूण. छान झालं. याची आई इथेच कामाला आहे. आता आपल्याला प्रत्यक्ष पाजणं बघायला मिळेल."

"निजायला रडतंय त्ये, मॅडम," विठाबाई घाईने म्हणाली. "मी घेती खांद्यावर."

पण तोवर कुणीतरी जिन्यातून हाक मारली होती.

कोमल खाली आली. अंगात बंगल्याचा करडा गणवेश, हात कोपरापर्यंत ओले. लेकराचा आवाज ऐकून ती धावतच आली होती. एवढ्या बायका बघून दारातच थबकली. तिने सासूकडे पाहिलं.

"आत्या, पेज न्हाई दिली?" ती हळूच म्हणाली.

"गप. सांगू नगं," विठाबाई तेवढ्याच हळू बोलली. "लाव उगं. चोखंल तवर तरी गप ऱ्हाईल."

कोमलने ओले हात गणवेशाला पुसले, भिंतीकडे तोंड करून बसली. मॅडमनी तिला खांद्याला धरून अलगद सगळ्यांसमोर वळवलं. "लाजायचं काय त्यात? आपण सगळ्या आयाच आहोत."

समर्थने आईच्या छातीला तोंड लावलं आणि रडणं तोडल्यासारखं थांबलं.

"बघा. हनुवटी टेकलीये. खालचा ओठ बाहेर वळलाय. अगदी पुस्तकातल्यासारखं!"

बायका पुढे सरकून वाकल्या. कोमल खाली मान घालून लेकराच्या गालाकडे बघत होती. गाल आत जात होता, बाहेर येत होता. गळा मात्र हलत नव्हता. ते विठाबाईला दिसलं, कोमलला दिसलं. बाकी कुणाला दिसलं की नाही कोण जाणे.

मिनिटभराने समर्थने तोंड सोडलं आणि मघापेक्षा मोठ्याने टाहो फोडला. कोमलने त्याला दुसऱ्या बाजूला घेतलं. तिथेही तेच झालं.

"टेन्शन घेऊ नकोस, कोमल," मॅडम मऊ आवाजात म्हणाल्या. "डोळे मीट. मन शांत ठेव, म्हणजे दूध आपोआप येतं."

"मन कुटं ठिवू, मॅडम?" कोमल म्हणाली. "वर सा खोल्या राहिल्यात."

दोघीतिघी हसल्या. मग त्यांना कळलं, ती गंमत करत नाहीये.

"दिवसातून किती वेळा पाजतेस?" पांढऱ्या कुर्त्यातल्या एकीने विचारलं.

"दोनदा. सकाळी निगताना, आन घरी गेल्यावर." कोमलने सासूकडे बघायचं टाळलं. "आदी लय यायचं. हितल्या बाथरूममदी पिळून टाकायची. आता टाकायला पन न्हाई."

समर्थचं तोंड लाल झालं होतं. रडता रडता त्याचा आवाज मधेच अडकायचा आणि पुन्हा सुटायचा.

विठाबाई उठली. तेलकट हातानेच तिने पिशवीतून टॉवेल ओढला आणि बाटली बाहेर काढली.

"मावशी!" मॅडमनी तिचं मनगट धरलं. आवाज खाली होता, पकड घट्ट. "इथे नको. रेकॉर्डिंग चालू आहे. मागे घेऊन जा त्याला."

"उपाशी हाय वो त्ये."

"म्हणून तर म्हणते, मागे जा. आणि उद्यासाठी मी दुसरी मावशी बघते."

कोमल लेकराला तसंच छातीशी धरून उठायला गेली, पण ते सुटेना. दूध येत नसूनही त्याने पुन्हा घट्ट धरलं, पुन्हा सोडलं, पुन्हा किंचाळलं.

तेव्हा पांढऱ्या कुर्त्यातल्या बाईच्या छातीवर एक ओला डाग उमटला. ती दचकली. डाग पसरत गेला, तळहाताएवढा झाला. ती अर्धवट उठली, कोमलच्या गणवेशाकडे पाहिलं, आणि परत बसली. तिने ओढणी पुढे घेतली. शेजारचीनेही घेतली. मग एकेक करून सगळ्यांनीच, कुणी ओढणी, कुणी रुमाल, कुणी नुसते हात आडवे धरून.

समर्थ रडतच होता. शेगडीतला धूर विरत आला होता आणि हॉलभर कोवळ्या दुधाचा वास पसरला होता.