उतरलो, काकू

दोन वाजून गेले, ताटातला भात निवला, तरी हर्षदचा फोन नव्हता. कुमुदताईंनी चौथ्यांदा फोनला रेंज आहे ना, ते पाहिलं.

त्यांच्या शंतनूची सवय होती, विमान उतरवलं की आईला "उतरलो गं" म्हणून फोन करायचा. चार वर्षांपूर्वी सरावात त्याचं लढाऊ विमान कोसळलं. तेराव्यानंतर त्याचा स्क्वाड्रनमधला मित्र हर्षद तो फोन करू लागला. "उतरलो, काकू." दोनच शब्द, पण ते ऐकल्याशिवाय कुमुदताई घास घेत नसत.

फोन वाजला. हर्षदच्या आईचा होता.

"अहो, आला का त्याचा फोन? गधडा आधी तुम्हालाच करतो ना!" बाई हसायला गेल्या, पण आवाज चिरकला.

शंतनू गेला त्या दिवशी असाच आवाज कुमुदताईंच्या तोंडून निघाला होता.

"आला की मघाशीच! जेवून तुम्हाला करतो म्हणाला. तुम्हीही दोन घास खाऊन घ्या."

फोन ठेवून त्या फोटोतल्या लेकाला म्हणाल्या, "शंतन्या, उतरव रे त्याला. मला खोटं पाडू नकोस."